घर आहे, जागा नाही

९ डिसेंबर २०२४, सोमवार

ट्रेनिंग! बेघर माणसं कशी मोजायची याचं. अख्खा दिवस गेला. व्हिडिओ मुंबईहून आलेला – उड्डाणपुलाखाली बघा, चौपाटीवर बघा, मेट्रोच्या खांबांमागे बघा. आता यवतमाळात मेट्रोचा खांब शोधत फिरते मी.

ॲप त्याहून भारी. माणूस बेघर आहे असं नोंदवायचं, तर पत्ता अनिवार्य. लाल चांदणी! रिकामा सोडला तर पुढचं पानच उघडत नाही. विचारलं, "सर, घरच नाही तर पत्ता काय टाकायचा?" नंदकिशोर सर आमचे प्रकल्प प्रमुख. म्हणाले, "पायल मॅडम, टाका ना काहीतरी. तुम्हालाच बरे सगळे प्रश्न पडतात."

पडतात! आणि मोजणीची वेळ काय, तर ऑफिसची. म्हणजे लोक कुठे झोपतात ते भर दुपारी जाऊन बघायचं.

१० डिसेंबर, मंगळवार

दिवसभर फिरले. चार मिळाले. त्यातला एक ऑटोत डुलक्या काढत होता – बायकोचा फोन आला तसा घरी जेवायला गेला. म्हणजे तीन.

११ डिसेंबर, बुधवार

सरांशी वाजलं. डोक्यावर प्लास्टिक बांधलेलं असेल तर ते "कच्चं घर", धरायचं नाही. गावाकडे रेशनकार्ड असेल तर गावाकडे घर आहे, धरायचं नाही. शहरात नातेवाईक असेल तर "आश्रित", धरायचं नाही. मी म्हटलं, "मग बेघर कोण?" सर म्हणाले, "जो ॲपमध्ये बसेल तो."

वर पुन्हा हेही, की आकडा फारच कमी आला तर बेघरांसाठीच्या निवाऱ्याचा प्रस्ताव बाद होईल. आकडा पाहिजे, माणसं नकोत!

उद्या पहाटे मी स्वतःच जाते. कुणाला विचारत नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

काय ती थंडी! उजाडायच्या आत एसटी स्टँडवर पोचले. आणि सगळे होते. भिंतीला लागून, बाकांखाली, बंद टपरीच्या आडोशाला. पोती, शाली, साड्या पांघरलेले. रोज दिवसा मी यांच्याच बाजूने जाते. हमाल, मिस्त्रीच्या हाताखालची माणसं, कापूस वेचायला आलेल्या बाया. दिवसा कामावर असतात तर दिवसा दिसणार कसे?

बहुतेकांनी नावं सांगितली. एकीने नाही सांगितलं. साठीच्या असतील. गोधडीची अशी घडी घालत होत्या जशी काही लग्नातल्या शालूची. मी म्हटलं, "मावशी, तुमचं नाव?"

"कायले?"

"बेघर लोकांची मोजणी आहे."

"मंग मले कायले इचारतं? मी काही बेघर नाई."

गोधडी बगलेत मारून चालत्या झाल्या. नेरची पहिली गाडी लागली होती. त्या गाडीत बसल्या नाहीत, पण अशा रुबाबात तिच्याकडे गेल्या की बघणाऱ्याला वाटावं, बाई प्रवासाला निघाली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा गेले. दोन चहा घेतले, एक त्यांच्यापुढे धरला. मथुराबाई नाव. नेरकडच्या. नवरा गेला, तसा दिराने घर ताब्यात घेतलं. आता त्यात त्याची गुरं बांधलेली असतात. मुलगी उर्वशी इथे लोहाऱ्याला भाड्याच्या खोलीत राहते. जावई तिथल्याच कारखान्यात. मथुराबाई सकाळी एका मेसवर भांडी घासतात, दुपारी मुलीकडे जाऊन नातू सांभाळतात, तिथेच जेवतात. अंधार पडला की निघतात.

"तिथंच का नाही झोपत, मावशी?"

"एक खोली आहे बाप्पा. त्यातच चूल, त्यातच पलंग. जवान पोरगी-जावई. मी कुठी झोपू? घर आहे, जागा नाई."

मुलीला माहीत नाही. तिला वाटतं, माय मेसवाल्या बाईच्या इथे झोपते. "सांगशीन नको हो पोरी. जावयाचे चार लोक आहेत. सासू रस्त्यावर झोपते म्हनतीन."

ॲपमध्ये कुठे बसवू यांना? मुलगी शहरात – म्हणजे आश्रित. आश्रय कुठे आहे? डोकं फिरायची वेळ आली आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

पहाटेची नावं बघून सर खूश! कालपर्यंत ओरडत होते, आज "आपल्या टीमने" म्हणे. मथुराबाईंचंही ऐकलं आणि चक्क म्हणाले, "नातेवाईकाचा रकाना कोरा ठेवा, बसतात त्या." फक्त फोटो हवा. फोटो नाही तर माणूस नाही.

संध्याकाळी स्टँडवर गेले. मथुराबाई नाही म्हणाल्या. मी निवाऱ्याचं सांगितलं – पक्की इमारत, गरम पाणी, बायकांची वेगळी खोली.

"आतून कडी लागते काय?"

"लागेल ना."

गोधडीची घडी उलगडून पुन्हा घातली. "आन् फोटू कोन पाहीन?"

"कोणी नाही, मावशी. तो फक्त ॲपमध्ये जातो."

मग केसांवरून हात फिरवला, पदर सारखा केला, ताठ बसल्या. चांगला आला फोटो.

१६ डिसेंबर, सोमवार

सगळं सबमिट केलं. पत्त्याच्या जागी प्रत्येकाला "एसटी स्टँड" लिहिलं. नेरहून आईचा फोन – "लोकायले घर नाई ते मोजत फिरतं, आन् सोताच्या घरी यायले टाइम नाई तुले." हसले. बऱ्याच दिवसांनी.

१८ डिसेंबर, बुधवार

पेपरात फोटो आहे.

मथुराबाईंचा. रंगीत. पान तीन. खाली "रस्त्यावरील निराधारांचा शोध", आणि सरांचं नाव.

मी पेपर घेऊन सरांच्या केबिनमध्ये घुसले. "कोणाला विचारून दिला?" तर म्हणाले, "अहो, बोलका चेहरा आहे! निवाऱ्याच्या बाजूने जनमत नको का?" मी ओरडले. काय बोलले आठवत नाही. सर म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता."

स्टँडवर धावले. जागा रिकामी. मेसवर गेले – "आज आल्याच नाई."

१९ डिसेंबर, गुरुवार

मेसवरून माझं नाव काढून उर्वशी ऑफिसात आली. कडेवर लेकरू, हातात पेपरचा चुरगळा. "पायल कोन आहे?" मी उभी राहिले.

"माह्यी माय बेघर आहे? कोनं सांगतलं तुले? मी मेली काय?"

सगळं ऑफिस बघत होतं. सर बाहेर आले आणि आत गेले. मी काय सांगणार? खरं ते सांगितलं. स्टँड, गोधडी, नेरची गाडी. ती ऐकत गेली, आणि बोलली तेव्हा तिचा आवाज उतरला होता.

"रोज इचारतो तिले, झोप लागते का माय. म्हनते, मस्त लागते." मग खालीच बसली. "मीच तं जेवाले वाढतो, आन् म्हनतो – माय निघ, अंधार पडून राह्यला."

नवऱ्याला कारखान्यात कुणीतरी पेपर दाखवला. त्याने काल ताट फेकलं. "तुह्या मायनं माही इज्जत घालवली," म्हणाला. माझ्या आईबद्दल कुणी असं बोललं असतं तर? मी फक्त पाणी दिलं. तेही लेकरानेच प्यायलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

दवाखान्याचा व्हरांडा, बाजार, लोहाऱ्याचे बंद शेड – सगळीकडे फिरलो. उर्वशी आणि मी. नाहीत. ती माझ्याशी बोलत नाही, पण सोबत येते.

२२ डिसेंबर, रविवार

सापडल्या! स्टँडवरच्या एका हमालाने सांगितलं – वेचणीवाल्या बायांसोबत दारव्ह्याच्या जीपमध्ये बसताना पाहिलं. रस्त्यात तीनदा जीप बदलली. शेतात पोचले तर मथुराबाई ओटीत कापूस भरत होत्या. मला बघून हात थांबला नाही.

"मावशी, माझं चुकलं. मी म्हटलं होतं कोणी बघणार नाही."

"हाव. म्हनलं होतं तू."

एवढंच. मी बांधावर बसून रडले. मालक बघत होता, बाया बघत होत्या. थोड्या वेळाने त्या आल्या, डब्यातली अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली.

"उर्वशी शोधून राह्यली तुम्हाला."

"माहीत आहे."

"चला ना."

"कुठी चालू? आता तिच्या दारात गेलो तं जावई तिले बोलीन. मी दूर आहो तोवर तिचं घर आहे." मग पुन्हा ओळीत गेल्या. "वेचनी सरली का येतो स्टँडवर. तिले सांग, माय बरी आहे. खोटं नको सांगू, बरीच आहो."

२३ डिसेंबर, सोमवार

सकाळी उर्वशीला मायचा निरोप दिला. ऑफिसात सर पेढे वाटत होते. निवारा मंजूर! वीस खाटा. मी विचारलं, "बायकांची खोली?" तर म्हणे, "दुसऱ्या टप्प्यात." दुसरा टप्पा कधी, त्यांनाही माहीत नाही. मी मथुराबाईंना कडीचं सांगून बसले आहे! फोटो ॲपमधून काढा म्हटलं, तर तशी सोयच नाही. टाकता येतो, काढता येत नाही.

पेढा टेबलावर तसाच ठेवला. राजीनामा लिहिला. मग वाटलं, राजीनामा दिला की बायकांच्या खोलीचं विचारणारंही कोणी उरणार नाही. फाडला. उद्या पुन्हा विचारणार. परवाही. कंटाळू देत मला सगळे.

२४ डिसेंबर, मंगळवार

विचारलं. "पायल मॅडम, पुन्हा?" – पुन्हा.

२८ डिसेंबर, शनिवार

पहाटे स्टँडवर गेले. मथुराबाई परत आल्या आहेत. पण गोधडीत एकट्या नव्हत्या. शेजारी उर्वशी, मधे लेकरू. नवरा म्हणाला होता, मायकडे जायचं असेल तर परत येऊ नको. ती परत गेली नाही.

मथुराबाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही, भिंतीकडे तोंड केलं. उर्वशी उठून बसली. लेकराच्या कानांवर पदर ओढला आणि म्हणाली, "लिहा ताई. मायच्या नावाखाली माहं. आन् माह्या खाली याचं."