गिअरबॉक्स शेषगिरीला मिळू नये याबद्दल

मी, के. अनंतराव, वय वर्षे सत्त्याहत्तर, राहणार अड्यार, चेन्नई, शिक्षण आठवीपर्यंत (नववीत बसलो होतो, पण टिकलो नाही), पूर्वी इथल्याच तिरुवल्लिकेणी भागातल्या छापखान्यात लग्नपत्रिका पोचवण्याच्या कामावर, आज रविवारी सकाळची कॉफी झाल्यावर हे मृत्युपत्र लिहायला घेत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा दाखला वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर कौमुदी यांच्याकडून घेतला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, मुलाचे नाव विचारले आणि "सध्या कसली काळजी वाटते का?" असे विचारले. मी उत्तर देत असतानाच त्यांची दवाखान्यात जायची वेळ झाली, म्हणून दाखला लवकर मिळाला.

मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझी पत्नी सौ. अंबुजा हिने "सुट्टीच्या दिवशी हे कसले लिहिणे" म्हणून माझे पेन तांदळाच्या डब्यात लपवले होते. ते सापडले.

आम्ही तंजावरकडची मराठी माणसे. आमची घरातली मराठी कोर्टाला कळेल का, अशी भीती वाटल्याने सून स्वरदा, जी नाशिकची आहे, तिच्याकडून शब्द तपासून घेतले आहेत. शब्द तिचे असले तरी काळजी माझी आहे.

१. घर. राहता फ्लॅट अंबुजाच्या हयातीत अंबुजाचा, तिच्यामागे मुलगा विश्वेश याचा. मात्र जेवणाच्या टेबलावर सध्या गिअरबॉक्स उघडून ठेवलेला आहे, या कारणाने कोणी ते टेबल काढून टाकू नये. गेले काही महिने आम्ही सगळे जमिनीवर पाने मांडून जेवतो. अंबुजाचे गुडघे दुखतात हे मला मान्य आहे. पण उघडा गिअरबॉक्स जमिनीवर ठेवला तर त्यात धूळ जाते. माणसांचे तसे नाही.

२. बँकेतली शिल्लक. सगळी अंबुजाची. पुस्तक तिच्याच कपाटात असते व मला दाखवले जात नाही, त्यामुळे अधिक काही लिहिता येत नाही.

३. हत्यारे. पान्यांची पेटी आमचा मेकॅनिक एळुमलै याला द्यावी. पेटीतला एक पाना मुळात त्याचाच आहे. तो मागतो, मी देत नाही, कारण दिला तर तो पुन्हा येणार नाही. माझ्यामागे न्यावा.

४. अंत्यविधी. बेसंटनगरच्या स्मशानात न्यावे. माझी मोटारसायकल पुढे ढकलत न्यावी, मला मागून आणावे. गाडीचा ब्रेक सुटा असल्याची खात्री विश्वेशने स्वतः करावी, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये. वाटेत चढ नाही. मी बघून आलो आहे.

५. मोटारसायकल. ही एकाहत्तर सालची आहे. इंजिन वेगळे आणि गिअरबॉक्स वेगळा, अशी जुनी बांधणी, गिअर उजव्या पायाला. छापखान्याच्या मालकांनी नवी गाडी घेतली तेव्हा ही मला दिली. या शहरात निम्म्या मराठी माणसांची लग्ने मी हिच्यावरून वाटली आहेत. अंबुजाला लग्न होऊन घरी आणले तेही हिच्यावरूनच.

आता जे लिहितो ते नीट वाचावे, कारण सगळे दुखणे इथे आहे.

गाडी जुनी झाली तसे एकेक बदलावे लागले. आधी हॉर्न बदलला. जुना हॉर्न भंगारात टाकणार होतो, तेवढ्यात अंबुजाचा धाकटा भाऊ शेषगिरी, निवृत्त शाळामास्तर, अविवाहित, राहणार तिरुवल्लिकेणी, म्हणाला, "भावोजी, मला द्या. पेपरवेट होईल." दिला. मग दिवा बदलला, तोही पेपरवेट म्हणून नेला. मग सीट, चाके आणि टाकी. टाकी नेताना म्हणाला, "तुळस लावतो." समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने सांगाडा गंजून सडला, नवा घेऊन आरटीओत हेलपाटे घातले; जुना त्याने "दोरी बांधून कपडे वाळत घालीन" म्हणून नेला आणि कुठूनसा जोडून घेतला. पंधरा सालच्या पुरात गाडी बुडाली आणि इंजिन बदलले. जुने इंजिन त्याने कशासाठी नेले ते विचारायचे माझ्या डोक्यात आले नाही. एवढे पेपरवेट लागायला मास्तराकडे कागद तरी किती असणार, हा विचार मी तेव्हाच करायला हवा होता.

पुढे एका श्राद्धाच्या जेवणाला त्याच्याकडे गेलो. हात धुवायला मागच्या चौकात गेलो तर तिथे माझी मोटारसायकल उभी. टाकीवर माझाच पोचा. सीटवर माझाच खळगा. मी घाबरून बाहेर धावलो, तर रस्त्यावरही माझी मोटारसायकल उभी. नंबर तोच. त्या दिवशी पायसम् मला गोड लागले नाही.

"चोरी नाही हां, भावोजी," तो म्हणाला. "तुम्ही दिलेलंच जोडलंय."

"मी तुकडे दिले होते!"

"मग मीही तुकडेच ठेवलेत. फक्त जवळजवळ ठेवलेत."

त्याच्या गाडीत एकच वस्तू कमी आहे. गिअरबॉक्स. आणि माझ्या गाडीत मूळची एकच वस्तू उरली आहे. तीही तीच.

अंबुजाविषयीची माझी तक्रार इथेच नोंदवतो. आयुधपूजेला (दसऱ्याच्या आदल्या दिवशी) ती आधी माझ्या गाडीला हळदकुंकू लावते आणि मग बसने तिरुवल्लिकेणीला जाऊन त्या गाडीलाही लावते. विचारले तर म्हणते, "अहो, लग्नानंतर मी ज्या सीटवर बसून आले ती सीट तिकडे आहे. मी कोणाला कुंकू लावायचं?"

६. गिअरबॉक्स. तिसऱ्या गिअरचे दात झिजले आहेत. तिसरा टाकला की थोडा वेळ धरतो आणि सुटतो. मग इंजिन रडते, मागचे लोक हॉर्न मारतात आणि माझी छाती धडधडते. एळुमलैने गिअरबॉक्स काढून टेबलावर उघडला आणि विचारले, "सार, दुरुस्त करू का नवा बसवू?"

नवा बसवला तर जुना शेषगिरी मागणार. म्हणजे खरी गाडी संपूर्ण त्याच्याकडे, आणि मी माझ्याच गाडीच्या नंबरप्लेटचा मालक. म्हणून मी म्हटले, दुरुस्त कर. तर एळुमलै म्हणतो, दुरुस्त म्हणजे तिसऱ्याचे दातेरी चाक पुदुपेटच्या जुन्या सामानाच्या बाजारातून आणायचे, दोन्ही शाफ्ट बदलायचे, बुश बदलायचे. मी म्हटले, "मग माझे काय राहिले?" तो म्हणाला, "सार, डबा राहतो." हे शेषगिरीच्या कानावर गेले. त्याने निरोप पाठवला की आतले जुने सामान फेकू नका, पेपरवेट होतील.

म्हणजे दुरुस्ती हेसुद्धा बदलणेच, फक्त हप्त्याहप्त्याने. तेव्हा मी ठरवले की काहीच करायचे नाही. एळुमलै रोज फोन करतो. विश्वेश शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून फोन करतो, "अप्पा, इलेक्ट्रिक घ्या. त्यात गिअरच नसतात." गिअर नसलेल्या गाडीवर माणसाने डाव्या-उजव्या पायाचे करायचे काय, हे तो सांगत नाही.

माझी काळजी अशी की, मी गेलो की तेराव्याला सगळे शेषगिरीच्या शेजारी बसून जेवतील आणि कोणीतरी भरल्या पोटी म्हणेल, देऊन टाका. म्हणून स्पष्ट लिहितो: गिअरबॉक्स, त्याचा डबा, चाके, शाफ्ट, बुश, आणि तेलसुद्धा, काहीही शेषगिरीला मिळू नये. तो विश्वेशकडे राहावा व घरातच असावा.

७. साक्षीदार. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे मी बऱ्याच ठिकाणी ऐकले आहे. यावरून माझ्या डोक्यात आले की शेषगिरीलाच साक्षीदार करावे. एकदा त्याची सही झाली की गिअरबॉक्सवर त्याला पुन्हा बोट ठेवता येणार नाही. स्वरदा म्हणाली, "अप्पा, तुम्ही मामांना बोलावून त्यांच्याविरुद्धच सही घेणार?" मी म्हटले, हो. ती बराच वेळ हसली. मला यात हसण्यासारखे दिसले नाही. शेषगिरीला संध्याकाळी बोलावले आहे, राहुकाळ टळल्यावर.

८. शेषगिरी आला आहे. वरचे काही खोडत नाही, कारण खोडाखोडीने संशय येतो. जे झाले ते पुढे लिहितो.

तो बसने आला. जिना चढून धापा टाकत खुर्चीत बसला, तेही टेबलाशेजारच्या. गिअरबॉक्सकडे त्याने असे पाहिले की मी त्यावर वर्तमानपत्र घातले. मग त्याने चष्मा लावून मृत्युपत्र पहिल्यापासून वाचले. मध्येच म्हणाला, "भावोजी, 'तेलसुद्धा' हे फार झालं हां."

"तू तेलही नेशील. तुझा भरवसा नाही."

"अय्यो, तेल कशाला? त्याचं पेपरवेट होत नाही."

अंबुजा आतून ओरडली, "शेषू, सही करू नकोस! यांचं डोकं फिरलंय."

मी डॉक्टरांचा दाखला दाखवला.

"करतो की, अक्का," तो म्हणाला. "सही करून कोणी मेलंय?" आणि त्याने पेन उचलले. मी इतके दिवस ज्याची तयारी करत होतो ते इतके सहज होणार हे पाहून मलाच भीती वाटली. मी विचारले, "तुला वाईट नाही वाटत?"

"कशाचं? डॉक्टर म्हणतायत हृदयाची झडप झिजलीय. दुरुस्त करा नाही तर बदला. तुमच्याआधी मी जाणार असं दिसतंय. मग गिअरबॉक्स मिळाला काय, न मिळाला काय." तो कागदावर वाकला. "फक्त यंदाचं लिंबू मनात राहिलं."

वाचणाऱ्याला ठाऊक नसेल तर सांगतो. आमच्याकडे आयुधपूजेला गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडीने ते स्वतःच्या जोराने चिरडायचे असते.

"दरवर्षी मी ढकलून चिरडतो," शेषगिरी म्हणाला. "यंदा तेवढीही ताकद नव्हती. लिंबू फुटलं नाही, नुसतं सरकलं. मी तिथंच बसलो. गल्लीतली मुलं म्हणाली, ताता, आम्ही ढकलू? मी म्हटलं, नको, उद्या बघू. अजून तिथंच आहे. वाळलंय."

तेव्हा माझ्या ध्यानात आले. याच्यामागे कोणी नाही. हा गेला तर घरमालक चौक रिकामा करणार. माझा हॉर्न, माझी टाकी, माझे इंजिन, अंबुजाची सीट, सगळे भंगारवाल्याच्या गाडीवर जाणार. आणि मी इथे गिअरबॉक्स राखत बसणार. दोन मोटारसायकली आणि दोन्ही उभ्या.

मी म्हटले, "पेन दे इकडे."

"थांबा, 'श' काढलाय नुसता."

"दे म्हणतो ना! घेऊन जा हा गिअरबॉक्स."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. मी घाईघाईने म्हटले, "पण तिसरा सुटतो. आधीच सांगतो, नंतर बोल लावायचा नाही."

"भावोजी," शेषगिरी म्हणाला, "तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत आजवर कोणी तिसरा टाकलाय? पुढे गाय, मागे रिक्षा. मी दुसऱ्यावरच मरणार. पार्थसारथीच्या देवळाला एक फेरी आणि घरी. तिसऱ्याचं काय काम?"

गेले काही महिने हे माझ्या, विश्वेशच्या किंवा एळुमलैच्या डोक्यात आले नाही. हा गिअरबॉक्स अड्यारात निकामी आहे. तिरुवल्लिकेणीत त्याला काहीही झालेले नाही.

एळुमलैला फोन केला. तो म्हणाला, "सार, आता रविवारी?" मी म्हटले, तुझा पाना देतो. तो लगेच आला. चाके, शाफ्ट जागच्या जागी बसवून, डबा बंद करून, त्याने आणि मी मिळून तो रिक्षात ठेवला, शेषगिरीने नुसता हात लावला. शेषगिरीने हातरुमाल असून हात पुसले नाहीत. माझ्या गाडीला नवा गिअरबॉक्स एळुमलै उद्या आणणार आहे. ती मग कोणाची गाडी होईल ते मला माहीत नाही, पण तिला तिसरा असेल.

अंबुजाने टेबल पुसले. डाग गेला नाही.

९. सारांश. कलम सहा आता लागू नाही, कारण ती वस्तू मी जिवंतपणी, शुद्धीत, राजीखुशीने दिली आहे. कलम तीनमधला पानाही दिला आहे. कलम चारमध्ये दुरुस्ती: माझ्या अंत्ययात्रेत पुढे शेषगिरीची मोटारसायकल असावी, ती ढकलू नये, त्याने चालवत न्यावी, पहिल्यावर. तो तोपर्यंत राहिला पाहिजे, म्हणून झडपेबद्दल "दुरुस्त का बदल" यावर त्याने माझ्यासारखे महिने घालवू नयेत. या आठवड्यात विश्वेशने त्याला इस्पितळात न्यावे. ही इच्छा मी गेल्यावर नव्हे, लगेच अमलात आणावी. मृत्युपत्रात असे लिहिता येते की नाही, हे स्वरदाला ठाऊक नाही. तरी लिहिले आहे.

शेषगिरीला आता या कागदातून काहीच मिळत नसल्याने त्याने साक्षीदार होण्यास हरकत उरलेली नाही.

ठिकाण: अड्यार, चेन्नई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार, राहुकाळ टळल्यावर

लिहून देणार: के. अनंतराव

आमच्यासमोर सही केली:

१. शेषगिरी, निवृत्त शिक्षक, तिरुवल्लिकेणी. ('श' आधीचा आहे, बाकी नाव नंतरचे. सहीवर काळा अंगठा उमटला आहे तो गिअरच्या तेलाचा, सही करतानाचाच. कोणी शंका घेऊ नये. रिक्षा खाली थांबली होती.)

२. डॉक्टर कौमुदी, अड्यार. (बुद्धीचा दाखला पुन्हा एकदा दिला.)