जिन्यातली पाटी

बाळ्या,

गाडी लवकरची होती, म्हणून तुला उठवलं नाही. तिन्ही खोल्यांच्या किल्ल्या फ्रिजवर आहेत. आठ दिवस भाडेकरू तुझ्या भरवशावर. वरचा शिंपी नळावरून कटकट करेल, निमूट ऐक आणि प्लंबर बोलाव.

मधल्या खोलीतली नवी पोरगी भिडस्त आहे, आपणहून बोलायची नाही. रोज दार वाजवून विचार, गीझरजवळ गॅसचा वास येतो का. येत असेल तर सिलेंडर बंद कर, खिडक्या उघड, दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस. तिला बाहेर काढ आणि लगेच मला फोन कर. "ताई आल्यावर बघू" म्हणालास तर याद राख.

दाजींनी काल जिन्यात पुन्हा तीच कागदाची पाटी लावली होती: 'मालक सुट्टीवर असताना फोन करू नये.' मी आत्ताच ती फाडली. आम्ही परत आल्यावर त्यांनी विचारलंच तर वाऱ्याने गेली म्हणून सांग.

गेल्या वर्षी आम्ही गावाला असताना मधल्या खोलीतली आपली नर्स गेली, तेव्हा पोलिसांनी मला तिचा मोबाइल दाखवला होता. त्यात माझ्यासाठी मेसेज लिहिलेला होता, 'ताई, गॅसचा वास येतोय.' चार दिवस आधीचा. पाठवलाच नव्हता. फार शिस्तीची पोरगी होती रे.

ताई