भुश्याची कपाटं

अण्णा, आज सकाळी स्वयंपाकघरातली कपाटं काढून नेली. तीच, दुकानातून चपट्या खोक्यांत आलेली. नेणारा माणूस म्हणाला, "ताई, हा हलका माल इतकी वर्षं टिकला कसा?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी बसवली होती." तो नुसतं "अच्छा" म्हणाला. त्याला काय कळणार! ओट्याखालची ती रिकामी जागा बघून तुमच्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

आम्ही वसई पूर्वेला हे वन रूम किचन घेतलं, तेव्हा वालीवच्या फर्निचर कारखान्यातली सुतारकी सोडून तुम्हाला वर्ष झालं होतं. उभा जन्म लाकडाचा भुसा छातीत गेलेला. दोन जिने चढलात की बोलणं बंद. डॉक्टरांनी बजावलं होतं, करवत-रंध्याजवळ फिरकायचं नाही. आणि तुम्ही काय, घरात पाऊल टाकलंत ते थेट ओट्याखाली शिरून मापं घ्यायला लागलात! "बाय, सागाचं करून देतो. तुझ्या नातवंडांना पुरंल." मी आईकडे बघते, आई माझ्याकडे. तुम्हाला "आता तुमच्याने होणार नाही" म्हणायची कोणाची टाप? हट्टाला पेटून दुसऱ्या दिवशी रंधा काढला असतात. म्हणून मी तोंडाला आलं ते बोलले, "नको अण्णा, तुमचं ते जुन्या पद्धतीचं जड काम नको मला. दुकानातलं तयार पाहिजे." तुम्ही टेप गुंडाळलीत, "बरं" म्हणालात आणि चहासुद्धा न घेता निघून गेलात. हाडाच्या सुताराला पोटच्या पोरीने असं बोलावं! मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

खोकी आली त्या रविवारी मी तुम्हाला बोलावलं नव्हतं. तोंड कुठे होतं? आमचे हे कागदावरची चित्रं बघून कपाट जोडत होते आणि दरवाजा उलटा लागला होता. तेवढ्यात तुम्ही दारात, हातात अर्नाळ्याच्या सुक्या बोंबलांची पिशवी. रंगाच्या डब्यावर बसलात, फळीची कड नखाने खरवडलीत. "भुसा! मी जलमभर झाडून टाकला तो ह्यांनी दाबून इकला. हुशार हायेत लेकाचे." मग जावयाच्या हातातून पाना घेतलात. कापायचं नाही, तासायचं नाही, धूळ नाही. नुसतं पिळायचं. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळी कपाटं उभी, आणि तुम्हाला एकदासुद्धा खोकला आला नाही.

पुढे दसऱ्याला मी शहाणीने घोळ घातला. माहेरी स्वयंपाकघर धुवायचं म्हणजे घागरीवर घागर ओतून खराट्याने धुवायचं. तेच इथे केलं, कपाटांच्या आतसुद्धा. तिसऱ्या दिवशी तळाच्या फळ्या पुरीसारख्या टम्म! पुढे गॅसचा सिलिंडर सरकवून मी आठवडाभर ते लपवलं. तुम्ही आल्या आल्या सिलिंडर बाजूला केलात. "अगं येडे, भुश्याला कोन पानी पाजतं?" मी रडायला लागले आणि तुम्ही दम लागेपर्यंत हसलात. नंतर कुठून तरी कडप्प्याचे तुकडे आणून तळाला बसवलेत, सैल झालेल्या भोकांत काडेपेटीच्या काड्या ठोकून स्क्रू घट्ट केलेत. म्हणालात, "ह्याचं मोल धा वर्सांचं. धा वर्सं वापर, मंग टाकून दे. सागासारखा जीव नाय लावायचा."

त्यानंतर दोन वर्षांत तुम्ही गेलात. माझं ते "जुन्या पद्धतीचं" मात्र माशाच्या काट्यासारखं घशात अडकून राहिलं. पार परवापरवापर्यंत. तुमच्या श्राद्धाचे वडे तळताना शेवटी आईजवळ बोलले, की त्या मापं घेतल्याच्या दिवशी अण्णा माझ्यावर रुसून गेले का गं? आई झारा हातात धरून बघतच राहिली. "रुसून? जिन्यात कठडा धरून हसत व्हते! म्हनले, सुटलो. सागाचं बोलून बसलो व्हतो, पन हातात रंधा ठरत नाय. पोरीनं नको म्हनलं, माझी लाज राखली."

"मग चहा का नाही घेतला?"

"म्हनले, चहाला बसलो आनि तिचा इचार बदलला तर?"

अण्णा, तिथेच चुलीपुढे मी हसले काय, रडले काय! वडे करपले. आई ओरडली. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, तेव्हा आईलाही न सांगितलेलं एक इथे लिहिते. तुमच्या छातीची काळजी होती, देवाशपथ होती. पण दुकानातली ती बदामी दारं बघून मी भाळले होते, अण्णा. तुम्ही मापं घ्यायला ओट्याखाली शिरलात, त्याच्या आठ दिवस आधीच मी बयाणा देऊन आले होते.