ओटीचं ताट

५ जानेवारी, रविवार
एकेचाळीस वर्षांनी बोलावणं आलं! डोंबिवलीच्या चित्रपट मंडळातल्या वर्षालीताईंचा फोन. शहाडला नदीकाठी शूटिंग झालेला तो जुना सिनेमा दाखवणार आहेत, त्यातल्या माणसांचा सत्कार. मी तेव्हा दहा वर्षांची. विधवेच्या दारात लांबूनच पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि पळायचं — संपलं काम. दिग्दर्शक सारखे म्हणायचे, "तिची सावली पडेल अशी भीती दाखव." दाखवली. शाबासकीही मिळाली.

हे असते तर अख्ख्या ठाकुर्लीला सांगत सुटले असते. पाच महिने झाले जाऊन.

८ जानेवारी
सुशांत न्यायला तयार आहे. रजा नको, रविवारच आहे. टिकली लावून, हिरव्या बांगड्या घालून जाणार, तेही सांगून टाकलं. मोबाइलमधून मान वर न करता "बरं" म्हणाला. गुणाचा आहे पोरगा.

१४ जानेवारी
सोसायटीत हळदीकुंकू. मला बोलावणं नाही. तिळाच्या वड्या तेवढ्या वॉचमनच्या हातून आल्या. वड्या चांगल्या होत्या, त्याचाच जास्त राग आला.

१९ जानेवारी, रविवार
साडी न बदलताच लिहायला बसले.

हॉल भरलेला. मामा-मामी, चुलत दीर, सगळे पहिल्या रांगेत. सिनेमा संपला. वर्षालीताई माइकवर बोलल्या — त्या काळची माणसं किती निर्दय होती! टाळ्या. मग सत्कार. स्टेजवर आम्ही दोघी बायका, मी आणि तेव्हा कपडेपट सांभाळणाऱ्या सगुणाबाई. वर्षालीताई कुंकू, खण, नारळ असं ताट घेऊन आल्या. सगुणाबाईंची ओटी भरली. मी पदर पुढे केला. त्यांनी ताट मागे उभ्या मुलीकडे दिलं आणि मला गुलाब दिला.

मी पदर धरून तशीच उभी! समोर माझेच लोक.

वर्षालीताईंना कळलं कसं? कपाळावर टिकली, हातात बांगड्या. नवऱ्याबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोन शब्द बोलायची तयारी करून गेले होते. लहानपणी ज्या बाईपासून पळाले तिची माफी मागायची होती. नुसतं "आभारी आहे" म्हणाले आणि खाली उतरले. घरी येताना सुशांत म्हणाला, फोटो छान आलेत.

२० जानेवारी
झोप नाही. त्या बाईला फोन करून झाडायचंच. जिने सिनेमा दाखवला, तिनेच असं करावं?

२१ जानेवारी
केला फोन. वर्षालीताई ऐकता ऐकता रडायला लागल्या. म्हणाल्या, दोन्ही ओट्यांचं सामान आणलं होतं, खण तुमच्यासाठी मीच निवडला. शनिवारी सुशांतचा फोन गेला होता त्यांना — "आईला कुंकू लावू नका. नातेवाईक बसलेले असतील, बरं नाही दिसणार. आणि मी सांगितलं असं तिला कळू देऊ नका."

सुशांत ऑफिसला गेलाय. सातला येईल.