इंजिन थंड होईपर्यंत

बाबा,

मागच्या महिन्यात एका रविवारी कारंजा गावात एका माणसानं मला विचारलं, "हे वडील का तुमचे?" आणि मी हो म्हणाले. तो माणूस ज्यांच्याकडे बोट करत होता ते काका होते. तुम्हाला त्यांच्याबद्दल मी कधीच काही सांगितलं नाही, मनातल्या मनातसुद्धा नाही. आज सांगते.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी आईनं त्यांच्याशी लग्न केलं. बुद्धविहारात, घरच्या मोजक्या माणसांत. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. हॉस्टेलवरून आले, शेवटच्या रांगेत बसले आणि जेवायच्या आधीच बस धरून परत गेले. काका पाटबंधारे खात्यात कालव्यावर कामाला होते. हिंगणीकडचे. पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही, बोलणं कमी. मी त्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हटलं आणि बाहेर कुणी विचारलं तर सांगायचे, "आईचे मिस्टर आहेत." त्यांच्या समोरच सांगायचे. ते हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत आणि दुसरीकडे बघत. आई एकदा चिडून म्हणाली, "काऊन असं तोडून बोलतं तू त्याईले?" मी म्हणाले, माझे बाबा एकच होते. मला वाटायचं, तुमच्या बाजूनं या घरात कुणीतरी उभं राहायला पाहिजे, आणि ते माझ्याशिवाय कोण राहणार?

तुम्ही मला पाचवीत वर्ध्याच्या शाळेत घालायला नेलं तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. खिडकीपलीकडच्या बाईंनी नाव विचारलं आणि मी काहीतरी पुटपुटले. तुम्ही तिथेच, सगळ्यांच्या देखत मला रागावलात. "तोंडातल्या तोंडात काऊन बोलून राह्यली? पुन्हा सांग. तुह्यं, मंग माह्यं, मंग आडनाव. कोणाची पोरगी हाय ते कळू दे त्याईले." मी रडत रडत मोठ्यानं सांगितलं. येताना तुम्ही मला काळे बूट घेतले, एक माप मोठे, म्हणजे पुढच्या वर्षीही चालतील. घरी आई कामावरून आली नव्हती. तुम्ही स्टोव्ह पेटवता, चहा ठेवता, मी दाराशी फुगून बसलेली. आणि तुम्ही पातेल्याकडे बघतच म्हणता, "माह्या बापाले त्याचं नाव कोणी कधी विचारलंच नाई पोरी. ए म्हणून बोलवत." एवढंच म्हणालात आणि कपात चहा गाळलात. तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. पुढे कळलं, आणि तेव्हापासून मी माझं नाव कधी खाली मान घालून सांगितलं नाही. मधलं तर नाहीच.

आता मी नालवाडीत राहते. आई आणि काका दोन गल्ल्या सोडून. मागच्या वर्षी माझी बदली हिंगणीच्या बाजूला झाली आणि मी स्कूटीनं जायला लागले. बोर धरणाकडचा रस्ता तुम्हाला माहीत आहे, संध्याकाळ झाली की जनावरं उतरतात. पावसाळ्यानंतर एकदा ड्युटीवरून येताना रानडुक्कर आडवं आलं. मी पडले, हात मोडला. प्लास्टर निघालं त्या दिवशी आई म्हणाली, आता दोन चाकं बंद. नवीन गाडी आपल्याला झेपणारी नव्हती. मग जुनी, लहानशी पेट्रोलची बघायची असं ठरलं. मोबाइलवर कारंज्याची एक सापडली. पांढरी, स्वच्छ, आतल्या सीटसुद्धा नव्यासारख्या. फोटो बघूनच मी मनातल्या मनात ती चालवायला लागले. एकटीच जाणार होते. आई म्हणाली, "काकाले घेऊन जाजो." मी नाराजीनंच हो म्हटलं.

बसमध्ये आम्ही पुढच्या-मागच्या सीटवर बसलो. कारंज्यात हायवेच्या कडेला त्या माणसाचं घर होतं, समोर ढाबा. माणूस गोड बोलणारा. "या मॅडम, चालू करून पाहा, काय मस्त आवाज हाय." मी चावी घ्यायला हात पुढे केला तर काकांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. लेकराला ताप आहे का बघताना ठेवतात तसा. थोडा वेळ ठेवला आणि विचारलं, "सकाळी कुठं नेली होती का गाडी?" तो म्हणाला, "नाई जी, कालपासून उभीच हाय." काका हसले. "मंग आमी थांबतो थोडं. थंड होऊ द्या."

मला इतका राग आला! पुढच्या दिवशी ड्युटी होती, ऊन चढत होतं, आणि तो माणूस म्हणत होता की दुसरं गिऱ्हाईक दुपारी येणार आहे. पण काका ढाब्यावर जाऊन गाडी दिसेल अशा बाजेवर बसलेसुद्धा. मी त्यांच्या समोर बसले आणि म्हणाले, "तुम्ही काय मेकॅनिक आहात का? चालू करून बघितली असती तर काय झालं असतं?" ते म्हणाले, "गरम असलं की आवाज चांगलाच येते. थंड असताना चालू केली की खरं कळते." मी म्हणाले, "तुम्हाला कशाला एवढं पडलंय? गाडी मला घ्यायची आहे." बाबा, हे मी ट्रकवाल्यांच्या देखत म्हणाले. एकानं ताटातून वर बघितलं.

काकांनी ग्लासातलं पाणी संपवलं. मग रस्त्याकडे बघत सांगायला लागले. फार वर्षांपूर्वी त्यांनीही अशीच जुनी लहान गाडी घेतली होती. विकणाऱ्यानं ते पोचायच्या आधीच चालू करून ठेवली होती. मागून थोडा निळा धूर यायचा, पण त्यांना वाटायचं, जुनी आहे, येत असेल. इंजिन तेल पीत होतं, आणि ते पाहायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एके दुपारी बायकोच्या छातीत दुखायला लागलं. तिला घेऊन वर्ध्याला निघाले आणि सेलूच्या अलीकडे इंजिन जाम झालं. "तेल पुरं जळून गेलतं. मले वाटलं पेट्रोल संपलं. बॉनेट उघडून नुसताच पाहत राह्यलो." कुणाचा तरी ट्रॅक्टर आला, मग जीप मिळाली. दवाखान्यात ती दुसऱ्या दिवशी गेली. "डॉक्टर म्हणे, लवकर आणली असती तरी काही फरक पडला नसता." मग प्रथमच माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तू त्याच कामात हाय बाई. खरं असते का ते?"

मी ते वाक्य कितीतरी नातेवाइकांना स्वतः सांगितलं आहे. वॉर्डाच्या दारात, खांद्यावर हात ठेवून. तुमच्या वेळी आईला आणि मलाही कुणीतरी हेच सांगितलं होतं. हो म्हणणं सोपं होतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते की माझ्यानं खोटं बोलवेना. मी म्हणाले, "कधी खरं असतं. कधी नसतं. त्यांचं काय होतं ते मला इथे बसून सांगता येणार नाही." त्यांनी मान हलवली. "बरं झालं," म्हणाले. "सगळे नुसते समजूत घालतेत." मग त्यांनी माझ्यासाठी दही मागवलं, कारण समोर आलेल्या ताटातल्या भाजीला मी हात लावला नव्हता. ते माझ्या ताटाकडे लक्ष ठेवून असतात, हे मला एवढ्या वर्षांत माहीतच नव्हतं. की माहीत होतं आणि मी बघत नव्हते?

ऊन कललं तेव्हा आम्ही परत गेलो. या वेळी बॉनेट थंड होतं. काकांनी इंजिनमधली तेलाची पट्टी बाहेर काढली. तिच्या अगदी टोकाला काळं तेल लागलेलं, बाकी कोरडी. मला मागे उभं केलं आणि चावी फिरवली. गाडी कण्हली, पुन्हा कण्हली, मग एकदम खडखड करत सुरू झाली आणि मागच्या नळीतून निळा धूर माझ्या सलवारीवर आला. जळक्या तेलाचा वास. "पाह्यलं?" ते आतूनच म्हणाले. थोड्या वेळानं धूर गेला, आवाजही मऊ झाला. गरम असताना आम्ही हीच गाडी बघितली असती तर मी आनंदानं घेऊन आले असते, आणि त्याच सेलूच्या रस्त्यानं रोज गेले असते.

तो माणूस आता चिडला. काकांना बाजूला सारत मला म्हणाला, "मॅडम, गाडी तुमाले घ्यायची हाय का ह्याईले? हे कोण लागतेत तुमचे? हे वडील का तुमचे?"

काकांनी बॉनेट खाली घ्यायला हात वर केला होता. तो तसाच राहिला. मी काय म्हणते हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. त्यांनी मानसुद्धा वळवली होती.

मी म्हणाले, "हो. वडील आहेत. ते नाही म्हणतात, तर नाही."

त्यांनी बॉनेट सावकाश खाली घेतलं, आवाज न करता. परतीच्या बसमध्ये आम्ही एका सीटवर बसलो. ते सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होते आणि अधूनमधून रुमालानं चष्मा पुसत होते.

मी तुमची अपराधी आहे ती त्या एका शब्दासाठी नाही. अडचणीच्या वेळी माणूस काहीही बोलतो, तुम्ही ते मनावर घेतलं नसतं. पण तो शब्द उच्चारताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. घरी येऊन हातपाय धुताना, तसं वाटावं म्हणून मी प्रयत्नही केला. तुमचा फोटो समोर होता. मला तिथे उभं राहवेना, मी स्वयंपाकघरात गेले. तुमची बाजू राखते म्हणून मी एका माणसाला इतकी वर्षं दाराबाहेर उभं केलं. तुम्ही तसं करायला कधी सांगितलंच नव्हतं. आता तुमच्याकडे बघायला लाजते आणि त्यांच्याकडे बघायलाही.

गाडी मिळाली शेवटी. इथेच नालवाडीत, एका निवृत्त बाईंची. आम्ही सकाळी न सांगता गेलो. इंजिन थंडगार होतं, चावी फिरवताच सुरू झालं, धूर नाही, खडखड नाही. काकांनी तरी आणखी दोनदा बंद-चालू करून बघितली. घरी आणल्यावर आईनं गाडीला हळदकुंकू नाही, फुलं वाहिली आणि मागच्या सीटवर जाऊन बसून राहिली. उतरेचना.

काल सकाळी मी ती गल्लीतून मागे घेत होते. काका मागे उभे राहून हातानं दाखवत होते, येऊ दे, येऊ दे. त्यांच्या पाठीमागून एक मोटारसायकल भरधाव वळली. मला आरशात दिसली, त्यांना नाही. मी खिडकीतून तोंड काढून ओरडले, "बाबा, सरका!" आणि ते सरकले. मागे वळून कुणाला हाक मारली हे न बघता सरकले, जणू मी जन्मापासून त्यांना याच नावानं बोलावत आले आहे. मोटारसायकल निघून गेली. त्यांनी पुन्हा हात वर केला. येऊ दे.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, आईलाही दाखवणार नाही. लिहायला बसले तेव्हा स्वतःला सांगितलं होतं की तुमची परवानगी मागायची आहे. पण ते खरं नाही बाबा. आज सकाळी मी त्यांना पुन्हा तशीच हाक मारली, आणि या वेळी मागून कुणी येत नव्हतं.