मालिनीचं हलकं पाऊल

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रांजल सकाळच्या एसटीनं सांगलीला गेली. कॉलेजची परीक्षा. जाताना घोडीच्या शिंगरीची दोरी माझ्या हातात दिली, वर नातीची ताकीद — ‘आबा, मळ्यातल्या मऊ मातीतच फिरवायचं हं. दोन्ही अंगांनी सारखं. अजून लहान आहे ती.’

पाठीवर बसायला अजून अवकाश आहे. तोवर लांब दोरीवर गोल फिरणं, ‘थांब’ म्हटलं की थांबणं, खूर साफ करू देणं. पहिलीचा वर्गच की! नाव मी ठेवलंय — मालिनी. घरात सगळे माली म्हणतात. वृत्ताचं नाव असं तोडतात!

५ फेब्रुवारी

मळ्यात फिरवली. मातीत टापा ऐकूच येत नाहीत. मुकी कविता.

६ फेब्रुवारी

सोयाबीनसाठी केलेल्या सिमेंटच्या खळ्यावर नेली. टप टप टप टप — सगळ्या वर्गानं एका दमात कविता म्हणावी तशी! थोडंच फिरवणार होतो. भान राहिलं नाही.

८ फेब्रुवारी

आज नवल झालं. टापांची चाल बदलली. एक हलकी, एक जड. लगा लगा लगा लगा — पंचचामर! नाव मालिनी आणि चाल पंचचामर! मी लघु-गुरूंची लगावली म्हणू लागलो, ती माझ्या सुरात. थांबवून गूळ दिला. पुन्हा लगा लगा, पुन्हा गूळ. विजयमाला असती तर म्हणाली असती, ‘आवं, माझ्या डोस्क्यात कवा शिरलं न्हाई, ते घोडीला कळलं व्हय?’ संसारभर तिला वृत्तं ऐकवली, बिचारीनं भाकरी थापत ऐकली.

९ फेब्रुवारी

तेच. गुळाचा नवा खडा फोडला.

११ फेब्रुवारी

प्रांजल आली. मालीला चार पावलं चालवली आणि म्हणाली, ‘लंगडतेय ही.’

पुढचा डावा खूर तापलेला. औंधहून डॉक्टर आले. चिमट्यानं तळवा दाबला तशी मालीनं पाय हिसकला. आतून मुका मार. लंगडणं राहिलंच तर पाठीवर बसायचं विसरा, म्हणाले. टणक जागेवर पळवली का, असंही विचारलं. ‘छे! आबांनी मळ्यातच फिरवलीय,’ प्रांजल म्हणाली. माझ्याकडे न बघता, इतक्या खात्रीनं. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो.

दुखत होतं म्हणून पाऊल हलकं पडत होतं. आणि मी त्याला लघु म्हणालो. वर गूळ दिला!

१२ फेब्रुवारी

आळ गावच्या नालबंदावर, आकारामवर आला. त्यानंच मागल्या पंधरवड्यात खूर घासले होते. तळवा जास्त खरवडला असणार, असं प्रांजलचं म्हणणं. तो शांतपणे म्हणाला, ‘पोरी, तळव्याला म्या कानस लावलीच न्हाई. नुसती कड घासली. आबांनीच तर पाय धरला हुता. इचार त्येंस्नी.’

दोघं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, आता डोळ्यांना नीट दिसत नाही.

तळवा मला स्वच्छ दिसला होता. आकारामनं कानस पोत्यात गुंडाळली आणि गेला. पुढच्या खेपेला साताऱ्याचा नालबंद बोलवू, म्हणाली प्रांजल.

१५ फेब्रुवारी

रोज कोमट मीठपाण्यात मालीचा खूर धरून बसतो. ती माझा खिसा हुंगते. गूळ देववत नाही.

१९ फेब्रुवारी

आकारामच्या दारात गेलो. चहा झाला. सोयाबीनच्या भावावर बोललो. परत आलो.

२ मार्च

सूज नाही, खूर थंड. उद्या डॉक्टर दोरीवर पळवून बघणार. प्रांजलनं आकारामलाही बोलावलंय — ‘बघू दे त्याला, त्याच्या हातनं काय झालं ते.’ उद्या सांगायचंच. सगळ्यांच्या आधी.

३ मार्च

नाही सांगितलं. मऊ मातीत माली सरळ पळाली, चारी पावलं सारखी. डॉक्टर हसले. आनंदात माझ्या तोंडून निसटलं — लगा लगा. लगेच तिचं डावं पाऊल हलकं पडू लागलं. डॉक्टरांनी खूर चाचपला. थंड! आकाराम माझ्याकडे बघत राहिला. प्रांजलनं दोरी सैल सोडली. म्हणाली, ‘आबा, आत्ता काय पुटपुटलात? परत म्हणा.’

म्हटलं. मालिनी लंगडत सरळ माझ्याकडे आली आणि खिशात तोंड घातलं.