अफायाच्या टेकडीवर मेनेलाओस

एजिना बेट

प्रिय स्ट्रातिसदादा,

आम्ही मजेत आहोत. मेनेलाओस पोटभर जेवतात. उजवा पाय अजून ओढतो, पण तू काळजी करू नकोस.

आज अफायादेवीच्या पडक्या देवळात गेलो. मी म्हटलं, "खालीच बसून कॉफी घेऊ." ऐकतील तर ना! काठी टेकत, झाडांना धरत टेकडी चढले आणि वर पोचताच आडव्या पडलेल्या खांबावर बसले. रखवालदारीण ओरडली, "आजोबा, उठा! तिथे बसायचं नाही!"

अर्धांगाच्या झटक्यापासून यांचं बोलणं फक्त मला कळायचं. पण आज खणखणीत म्हणाले, "हाही पडलाय, मीही पडलोय. बसू दे की दोघांना!"

सगळे हसले. तीही हसली, पण उठवलंच. मग स्वतःची खुर्ची आणून दिली. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

वहिनीचा गुडघा कसा आहे? आई औषध घेते ना?

आणि दादा, यांच्या होडीसाठी तू गिऱ्हाईक बघितलंयस, त्याला नाही म्हणून कळव. ईस्टरआधी आम्ही घरी येतोय. होडीला रंग हेच देणार आहेत.

तुझी,
पोलिक्सेनी